सगळे दोर हौद्यात

गेली एकवीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. या काळात फळ्यापुढे उभे राहून मी किती जीवननौका भवसागरात लोटल्या, किती नावाड्यांच्या हाती सुकाणू दिले आणि किती तारवे पैलतीराला लावली, याचा हिशेब एक चित्रगुप्तच जाणे! 'सुकाणू म्हणजे विवेक, शीड म्हणजे आकांक्षा, वारा म्हणजे दैव,' असे मी सांगावे आणि मुलांनी निमूटपणे वहीत उतरवून घ्यावे. प्रत्यक्षात सुकाणू नावाची वस्तू हाताला कशी लागते, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आणि जेव्हा ते कळले, तेव्हा माझ्यामुळे एका भल्या माणसाचे खांद्याचे हाड मोडले होते.

हा भला माणूस म्हणजे आमच्या हिचे धाकटे मामा. व्यापारी जहाजांवर ते इंजिनिअर होते. तीस-बत्तीस वर्षे सातही समुद्रांवर फिरले, पण सगळी जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या धगीत. 'समुद्र मी फक्त ऐकला, पाहिला नाही,' असे ते म्हणत. म्हणून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी एक बावीस फुटी शिडाची बोट घेतली. जुनीच होती; पण मामांनी तिला घासूनपुसून, रंग देऊन तिचे नाव 'टिटवी' ठेवले. मुंबईच्या बंदरात ती नांगरलेली असे. मामींनी पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून काळजी करायला सुरुवात केली.

आता या बोटीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. टिटवीला एक डोलकाठी आणि दोन शिडे. डोलकाठीच्या मागे मोठे शीड. त्याची खालची कड एका आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, लावलेली. डोलकाठीच्या पुढे, नाळेवर, तिकोनी छोटे शीड. त्याला जिब म्हणतात. मधे बुटकी केबिन आणि मागच्या अंगाला बसण्यासाठी एक खळगा. त्याला इंग्रजीत कॉकपिट म्हणतात. मामा त्याला हौदा म्हणत. 'हत्तीवर बसल्यासारखं डुलत जायचं, मग हौदा नाही तर काय?' मला शब्द आवडला. त्यामुळे या लेखातही हौदाच म्हणणार आहे.

हौद्यात बसणाऱ्याच्या हाती दोन गोष्टी असतात: सुकाणूचा दांडा आणि शिडाचा कोन धरणारे दोर. या दोरांना शीट म्हणतात. शीट म्हणजे शीड नव्हे, दोर. हा धडा मामांनी मला तीनदा दिला आणि तिन्ही वेळा मी, मराठीचा प्राध्यापक, चुकलो. पण शीड ज्या दोराने वर चढते तो दोर वेगळा. त्याचे नाव हॅलिअर्ड. तो शिडाच्या टोकापासून डोलकाठीच्या शेंड्यावरच्या चाकावर जातो, तेथून खाली येतो आणि डोलकाठीच्याच बुंध्याशी एका खुंटीला गुंडाळलेला असतो. टिटवीवर तो तसाच होता. बहुतेक जुन्या छोट्या बोटींवर तसाच असतो.

म्हणजे काय, ते पाहा. शीड ओढायचे, सैल करायचे ते हौद्यात बसून. पण शीड उतरवायचे झाले, तर उठायचे, केबिनच्या हलत्या, ओल्या टपावरून पुढे जायचे, एका हाताने डोलकाठीला मिठी मारायची आणि दुसऱ्या हाताने दोर सोडायचा. आणि शीड उतरवण्याची वेळ नेमकी केव्हा येते? वारा पिसाळतो तेव्हा! ज्या क्षणी माणसाने जागचे हलू नये, नेमक्या त्याच क्षणी त्याने बोटीच्या सर्वांत वाईट जागी जाऊन उभे राहावे, अशी ही व्यवस्था. ऊन-पावसात तिच्यातली गोम कळत नाही. वळवाच्या वाऱ्यात कळते.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना संपत आला होता. मांडव्याला जाऊन आम्ही दोघे परतत होतो. दुपारभर समुद्रावरून छान वारा होता. चारच्या सुमारास तो एकाएकी पडला. सह्याद्रीच्या बाजूला आभाळ काळेनिळे झाले होते. मामांनी तिकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, "जिब उतरवायला हवी. दांडा धर. नाळ वाऱ्यात धर, बस्स."

ते पुढे गेले आणि वारा आला. आला म्हणजे कसा, तर कोणी दार लाथेने उघडावे तसा. बोट कलली. मी घाबरलो. दांडा ज्या बाजूला लोटावा त्याच्या उलट दिशेला बोटीची नाळ वळते, हे मला सकाळपासून दहा वेळा सांगितले होते. त्या क्षणी मी ते साफ विसरलो. मला नाळ डावीकडे हवी होती, म्हणून मी दांडाही डावीकडेच लोटला. बोट वाऱ्याकडे तोंड करण्याऐवजी त्याला पाठ दाखवून वळली; बूम धाडकन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला; बोट दुसऱ्या कुशीवर पडली आणि मामा टपावरच्या लोखंडी कठड्यावर खांद्याने आदळले. डोलकाठीच्या आधाराची तार उजव्या हातात आली म्हणून ते बोटीवर राहिले; एरवी काय झाले असते, ते लिहवत नाही.

मागून कोळ्यांची एक यांत्रिक होडी येत होती. तिच्यावरच्या नाखव्याने आमचा तमाशा पाहिला, होडी बाजूला आणली आणि त्याच्या मुलाने टिटवीवर उडी मारून दोन्ही शिडे खाली ओढली. आम्हाला बांधून बंदरात आणून सोडताना नाखवा एवढेच म्हणाला, "मास्तर, दांडा उलटा लोटलात." मला तो अजून कधी कधी स्वप्नात हेच म्हणतो.

* * *

हाड सांधले, पण मामांचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. जाणारही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. डोलकाठीपाशी उभे राहून दोन्ही हातांनी दोर ओढण्याचा प्रश्नच मिटला. मामी आक्रस्ताळेपणा करणाऱ्या नव्हेत. त्या एवढेच म्हणाल्या, "आता बोट विकायची." मामा काही बोलले नाहीत. ते गॅलरीत बसून राहू लागले. त्यांच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. ते टाकीकडे बघत बसत.

एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. "तू मराठीचा प्राध्यापक. 'विकणे आहे' अशी एक जाहिरात लिहून दे. चार ओळी. नीट लिही, गिऱ्हाईक यायला हवं."

मी कागद घेऊन बसलो. 'विकणे आहे. बावीस फुटी शिडाची बोट. उत्तम स्थितीत' एवढे लिहिले आणि पुढे लेखणी चालेना. विकण्याचे कारण काय लिहावे? 'मालकाच्या भाचीच्या नवऱ्याने सुकाणू उलटे धरले,' हे? मला तेथे बसवेना, म्हणून उठून मामांच्या कपाटातली पुस्तके चाळू लागलो. सगळी समुद्राचीच. आणि त्यांत एका विलक्षण होडीची हकिकत हाती लागली.

* * *

ती होडी म्हणजे 'जेस्टर' आणि तिचा धनी म्हणजे ब्रिटिश मरीन दलातला कर्नल हास्लर. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या डिसेंबरात, पाच छोट्या होड्यांतून दहा माणसे घेऊन फ्रान्समधल्या बोर्दो बंदरातल्या जर्मन जहाजांना सुरुंग लावायला गेलेला हा माणूस. त्या दहांपैकी तो आणि त्याचा एक जोडीदार असे दोघेच जिवंत परतले. धाडसाचे त्याला वावडे नव्हते, हे उघड आहे. पण युद्धानंतर या माणसाने जी गोष्ट ध्यास घेऊन केली ती अशी, की शिडाची होडी चालवताना उगाच धाडस करावे लागू नये!

जेस्टर पंचवीस फुटांची. आमच्या टिटवीहून हातभर मोठी, एवढेच. हास्लरने तिचा मागचा उघडा हौदाच बुजवून टाकला आणि वरून बोट बंद केली. मधोमध फक्त एक गोल झाकणाचे भोक ठेवले. एक माणूस छातीपर्यंत वर येऊन उभा राहील एवढे. पावसापाण्यापासून आडोसा म्हणून त्या भोकाला बाबागाडीला असते तशी दुमडती छत्री. बोटीचे सगळे दोर त्या भोकापाशी आणले. शीड चढवायचे, उतरवायचे, आखडायचे, कोन बदलायचा, सारे काही तेथूनच.

हे साधले कसे? त्यासाठी तो चिनी जंक गलबतांकडे गेला. चिनी शिडाला आडव्या पट्ट्या असतात. आपल्या जुन्या वाड्यांत खिडकीला चिकाचे पडदे असत, ते आठवा. दोर ओढला की पडदा वर, सोडला की घडीवर घडी पडत खाली. चिनी शीड तसेच. दोर सैल केला की पट्टीवर पट्टी बसत ते खाली येते आणि दोन्ही बाजूंना बांधलेल्या दोरांच्या झोळीत आपोआप गोळा होते. वारा वाढला, सोडा एक पट्टी. आणखी वाढला, सोडा दुसरी. जेस्टरची डोलकाठीही बाजूच्या तारांवाचून नुसती तळात रोवून उभी केलेली. त्यामुळे एरवी दोन-तीन माणसांनी पुढे जाऊन जे काम करायचे, ते हा गृहस्थ भोकात उभा राहून करी.

अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याची शर्यत ही मूळ त्याचीच कल्पना. 11 जून 1960 रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथहून ती सुटली. पाच जण होते. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचून पहिला आला, हास्लर अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरा. चिचेस्टरची बोट जेस्टरहून कितीतरी मोठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दुसऱ्या क्रमांकाची किंमत कळते. पुढे जेस्टर मायकेल रिची नावाच्या नौकानयनशास्त्रज्ञाकडे गेली. 1988 च्या शर्यतीत ती समुद्राने घेतली, रिची बचावला. मग तिच्यासारखीच दुसरी जेस्टर बांधण्यात आली आणि 1992 साली तो तीही घेऊन शर्यतीत उतरला. तेव्हा त्याने वयाची पंच्याहत्तरी गाठली होती. मामा सहासष्ट वर्षांचे. हा आकडा मी कागदावर दोनदा अधोरेखित केला.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच कपाटात होते. फ्रान्सचा एरिक ताबार्ली. हास्लरच्या शर्यतीत 1964 साली पहिला आलेला, शिडांच्या दुनियेतला दादा माणूस. 1998 च्या जून महिन्यात, रात्री, आयर्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या समुद्रात आपल्या जुन्या लाडक्या बोटीवर तो शीड कमी करण्याच्या कामात असताना शिडाच्या वरच्या दांड्याचा तडाखा बसून पाण्यात पडला आणि गेला. त्याने अंगाला दोर बांधलेला नव्हता. ज्याने दोनदा अटलांटिकची शर्यत जिंकली, त्याची ही गत. मग आमच्यासारख्यांनी ओल्या टपावर किती वेळा नशीब अजमावायचे?

मी जाहिरातीचा कागद घडी करून खिशात घातला आणि मामांना म्हणालो, "बोट विकायची की नाही ते नंतर पाहू. आधी सगळे दोर हौद्यात आणता येतात का, ते सांगा."

मामा बराच वेळ टाकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पेन्सिल दे."

मामी स्वयंपाकघरातून सारे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. "सगळे दोर?" त्यांनी विचारले. "एक जरी पुढे राहिला, तरी जाहिरात छापायची. आणि परीक्षा मी घेणार."

* * *

पावसाळ्यात अशा बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. टिटवी एका शेडमध्ये लाकडी घोड्यांवर बसली होती. डोके मामांचे, हात माझे, अशी वाटणी झाली. ज्या हातांनी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचलले नव्हते, त्यांत ड्रिल आले.

चिनी शीड लावायचे म्हणजे नवी डोलकाठी, नवे शीड. तेवढे पैसे नव्हते. म्हणून जे होते त्याच्याच दोरांना मागे वळवायचे ठरले. कल्पना अगदी सोपी. हॅलिअर्ड डोलकाठीवरून खाली येतो तेथे बुंध्याशी एक कप्पी; तिच्यातून तो आडवा होऊन टपावरून मागे येणार; वाटेत टपाच्या कडेशी दुसरी कप्पी त्याला वळण देऊन सरळ करणार; आणि हौद्याच्या तोंडाशी क्लच. क्लच म्हणजे दोर धरणारी चिमट्यासारखी पेटी. खटका खाली असला की दोर आपल्याकडे ओढता येतो, पण मागे सरकत नाही. खटका वर केला की मोकळा. एका हाताच्या माणसाला याहून मोठा मित्र नाही.

पहिली चूक बुंध्याच्या कप्पीने दाखवली. ती मी टपालाच स्क्रूने बसवली होती. शेडमध्येच डोलकाठी उभी करून दोर ताणून पाहिला, तर टप करकरला. मामांनी हिशेब मांडला. दोर पन्नास किलोच्या जोराने ओढला, तर तो जेथे वळतो त्या कप्पीवर पन्नास नव्हे, सत्तर किलोंचा तिरपा ओढा बसतो. त्यातला पन्नास किलोंचा भाग टपाला सरळ वर उपटू बघतो. उलट, तोच दोर शेंड्यावरून डोलकाठीला खाली दाबत असतो. "म्हणजे एक दाबतोय, दुसरा उपटतोय, आणि मधे बिचारा टप," मामा म्हणाले. "दोघांची गाठ एकाच पट्टीवर बांध. भांडण घरातल्या घरात मिटेल." डोलकाठीच्या पायाखाली गंज न चढणारी पोलादी पट्टी घातली, कप्प्या त्या पट्टीलाच जोडल्या आणि करकर थांबली. बाकीचे सामान आरपार बोल्टने, खाली रुंद पट्टी देऊन बसवले. टपाच्या पोटात मऊ लाकूड असते. भोकातून पाणी शिरले की ते कुजते. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठे पाडायचे, इपॉक्सीने भरायचे आणि वाळल्यावर त्यातच पुन्हा लहान पाडायचे. वीस भोकांसाठी चाळीस वेळा ड्रिल धरले. व्याकरणाच्या वह्या तपासण्याइतकेच कंटाळवाणे आणि तितकेच अपरिहार्य काम!

दुसरा प्रश्न जिबचा. दोर सोडला म्हणून ती आपण होऊन खाली येत नाही. वारा तिला वरच फडफडवत ठेवतो. तिच्यासाठी एक बारीक दोर वेगळा घेतला. त्याचे एक टोक जिबच्या वरच्या कोपऱ्याला. तेथून तो तिच्या कड्यांतून खाली नाळेवरच्या छोट्या कप्पीत आणि तेथून थेट हौद्यात. हॅलिअर्ड सोडायचा आणि हा ओढायचा, की जिब मुकाट्याने नाळेवर येऊन पडते. चढवणारा आणि उतरवणारा, दोघे शेजारी शेजारी हवेत, कारण एकाला सोडल्यावाचून दुसऱ्याचे काम चालत नाही.

मोठे शीड आखडण्यासाठी दोन दोर: एक डोलकाठीकडच्या कडेला, एक मागच्या कडेला. एकाच दोरात दोन्ही कामे करता येतात. पण मग त्याला इतक्या वळणांतून जावे लागते, की ओढता ओढता जीव जातो. खाली येणारे कापड डोळ्यांपुढे पसरू नये, म्हणून बूमच्या दोन्ही अंगांना बारीक दोरांची झोळी बांधली. चिनी शिडाची तेवढी एक युक्ती आम्ही उसनी घेतली.

एका रविवारी तो नाखवाही शेडमध्ये आला. आमचा पसारा बघून हसला. त्याच्या आजोबांच्या शिडाच्या होडीला डोलकाठी पुढे कललेली असे आणि शीड चढवायचा जाड दोर शेंड्यावरून मागेच येई, असे त्याने सांगितले. तो मागच्या अंगाला बांधला की डोलकाठीलाही मागून ताण बसे. एका दोरात दोन कामे! आम्ही दोन महिने खपून, चीन आणि विलायत पालथी घालून जे करत होतो, त्यातले निम्मे शहाणपण आमच्याच किनाऱ्यावर उभे होते. आणखी एक गोष्ट मला तेव्हा उमगली. 1968-69 मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची बत्तीस फुटी सागवानी 'सुहेली' बांधली गेली ती मुंबईतच, इथल्या सुतारांच्या हातून. आणि 2009-10 मध्ये 'म्हादेई' घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, सुटले ते मुंबईहून आणि परतले तेही मुंबईलाच. आम्ही ज्या पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या, ते काही ऐरेगैरे पाणी नव्हे!

* * *

ऑक्टोबरच्या मध्यावर टिटवी पाण्यात गेली. परीक्षेची अट मामींनी बंदराबाहेर आल्यावर जाहीर केली. "मी शुभंकरोती म्हणते. ती संपायच्या आत दोन्ही शिडं खाली यायला हवीत. कोणी जागचं उठायचं नाही. आणि दोर यांनीच ओढायचे." म्हणजे मामांनी, एका हाताने. मग सुकाणू कोणाच्या हाती? मामींनी माझ्याकडे पाहिले. "जावईबापू आहेत की."

वारा बेताचाच होता, पण माझ्या तळहातांना घाम आला. मामा म्हणाले, "नाळ वाऱ्यात धर, बस्स." तेच शब्द. मी मनात एकदा दिशा घोकली आणि दांडा लोटला. टिटवी शहाण्या मुलीसारखी वळली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मामींनी डोळे मिटून सुरुवात केली. जिब खाली आली. मोठे शीडही सरसर आले आणि सहा-सात फूट उरले असताना अडकले. मामा ओढतात, मी बघतो, शीड ढिम्म. शुभंकरोती संपली.

मामींनी डोळे उघडून वर पाहिले. मला जाहिरातीचे शब्द दिसू लागले. पण त्या म्हणाल्या, "नापास नाही. पुन्हा बसा."

कारण शोधायला दोन रविवार गेले. दोराला प्रत्येक वळण म्हणजे जकातनाका. जो तो थोडा थोडा जोर काढून घेतो. शेंड्याचे चाक, बुंध्याची कप्पी, टपावरची कप्पी, क्लच, असे चार नाके आम्ही बसवले होते. शीड चढवताना ते कळले नाही, कारण ओढणारा माणूस होता. उतरताना मात्र शिडाला स्वतःच्या वजनानेच तेवढा दोर ओढत न्यावा लागतो. आणि जसजसे ते बूमवर गोळा होते तसतसे टांगलेले वजन कमी होत जाते. म्हणून अडते ते नेमके शेवटी. आम्ही टपावरच्या कप्प्या सरकवून वळण सौम्य केले, जुन्या कप्प्यांच्या जागी गोळ्यांच्या बेअरिंगच्या घातल्या, डोलकाठीची खाच धुऊन कोरडे वंगण दिले आणि मोठ्या शिडालाही एक बारीक उतरवणारा दोर लावला. दोरांची संख्या सहा झाली. तीन डावीकडे, तीन उजवीकडे, प्रत्येकाचा रंग निराळा.

दुसऱ्या परीक्षेला वारा अंमळ जास्तच होता. मी दांडा धरला. मामांनी खटका उचलला, बारीक दोर ओढून तो अडकवला. दुसरा खटका उचलला, दुसरा दोर ओढला. एकाच हाताने, हौद्यातून न उठता. मोठे शीड झोळीत येऊन पडले तेव्हा मामींच्या ओठांवर अजून दोन ओळी बाकी होत्या. त्या त्यांनी सावकाश पुऱ्या केल्या, समुद्राला नमस्कार केला आणि डब्यातल्या करंज्या बाहेर काढल्या.

* * *

आता ज्यांना हे करून बघायचे आहे त्यांच्यासाठी दोन कडू गोळ्या. पहिली: काही जाणते लोक या सगळ्याच्या विरुद्ध आहेत. ते म्हणतात, डोलकाठीपाशी दोर असला की तो सरळ ओढता येतो, जोर वाया जात नाही, बिघडायला काही नसते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. साठ-पासष्ट फुटांचे दोर हौद्यात येऊन पडले की पायांत शेवयांचा गुंता होतो. आम्ही प्रत्येक बाजूला कापडी पिशवी शिवली (मामींनी), प्रत्येक दोराच्या शेवटाला आठाच्या आकाराची गाठ मारली, नाहीतर हातून सुटलेला दोर थेट शेंड्यावर जाऊन बसतो.

दुसरी गोळी अधिक कडू आहे. दोर हौद्यात आले म्हणजे पुढे कधीच जावे लागणार नाही, असे समजू नये. गेल्या फेब्रुवारीत जिबच्या दोराला पीळ पडून तो कप्पीत अडकला आणि मला पुढे जावेच लागले. पण या खेपेस अंगात पट्टा होता, पट्ट्याची दोरी बोटीला बांधलेली होती, मी गुडघ्यांवर रांगत गेलो आणि दांडा मामांच्या हातात होता. समुद्राला कोणी कायमचे जिंकलेले नाही. अभिलाष टॉमी यांच्यासारख्या कसलेल्या दर्यावर्दीची डोलकाठीही 2018 च्या सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि सुटका होईपर्यंत ते तीन दिवस बोटीतच पडून होते. तेच टॉमी पुढल्या शर्यतीत उतरून 2023 साली दुसरे आले. एकूण काय, धोका शून्यावर येत नाही. तो रोजच्या ऐवजी क्वचितचा करता येतो, आणि सहासष्ट वर्षांच्या माणसाला गॅलरीतून उठवायला एवढे पुरते.

जाहिरातीचा तो कागद अजून आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर मामींनी शीड आखडण्याचा क्रम आपल्या वळणदार अक्षरात लिहिला आहे: आधी शीट सैल, मग हॅलिअर्ड खुणेच्या धाग्यापर्यंत खाली, मग पुढची कड आवळा, हॅलिअर्ड पुन्हा ताणा, मग मागची कड, आणि शेवटी शीट. तो प्लॅस्टिकमध्ये घालून क्लचच्या वर चिकटवलेला आहे. उलट बाजूला 'विकणे आहे' हे शब्द उन्हात धरले की पुसट दिसतात.

वर्गात मी अजूनही 'सुकाणू म्हणजे विवेक' असे सांगतो. अभ्यासक्रम बदलणे माझ्या हाती नाही. फक्त आता त्याला एक वाक्य जोडतो: "मुलांनो, नाळ जिकडे न्यायची असेल त्याच्या उलट बाजूला दांडा लोटावा लागतो, आणि हे आयत्या वेळी आठवत नाही; आधी घोकून ठेवा." मुले तेही निमूटपणे उतरवून घेतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टिटवी पाण्यात उतरलेली असेल. मामांनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मांडव्याला जायचे ठरवले आहे. मामी बरोबर येणार आहेत, आणि दांडा या खेपेस त्या धरणार आहेत.